चार मिनिटं हवेत: रत्नागिरीच्या सड्यावर

हेलिकॉप्टर उडवायला शिकण्यासाठी रत्नागिरीला जाते आहे, असं मी बँकेतल्या रजेच्या अर्जात लिहिलं नाही. 'घरगुती काम' असं लिहिलं. ते खोटंही नव्हतं.

कोणाचा गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. हे हेलिकॉप्टर आत बसून उडवायचं नाही. लांबी दीड हात, पाती फिरली की त्यांचा घेर मोठ्या परातीएवढा. आपण जमिनीवर उभं राहायचं आणि हातातल्या रेडिओच्या दोन दांड्यांनी ते चालवायचं. याला खेळणं म्हटलेलं उडवणाऱ्यांना आवडत नाही. मी बरीच वर्षं खेळणंच म्हणायची.

या ब्लॉगवरच्या आधीच्या सगळ्या प्रवासांचे फोटो माझ्या नवऱ्याने, अजितने काढलेले आहेत. मजकूर माझा. दीड वर्षात इथे काही लिहिलं नाही, कारण अजित आता नाही. मागच्याच्या मागच्या श्रावणात दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. त्याबद्दल इथे याहून जास्त लिहीत नाही.

अजित पाटबंधारे खात्यात होता. काही वर्षांपूर्वी त्याची बदली रत्नागिरीला झाली. सईची, म्हणजे आमच्या मुलीची, दहावी होती, माझी बँक होती, म्हणून आम्ही दोघी सांगलीतच राहिलो. पहिलं वर्षभर तो महिन्यातून दोनदा यायचा, मग एकदा. विचारलं की म्हणायचा, रविवारी सड्यावर असतो. सडा म्हणजे कोकणातलं डोंगरमाथ्यावरचं कातळाचं सपाट पठार. तिथे चार-पाच जण हेलिकॉप्टरं उडवत आणि हा त्यांच्यात जाऊन बसला होता. मी चिडायची. तो म्हणायचा, एकदा ये तर, तुला शिकवतो. मी म्हणायची, मार्च एंड होऊ दे. बँकेत काम करणाऱ्या माणसाला हे कारण दरवर्षी नव्याने मिळतं.

चार वर्षांनी तो सांगलीला परत आला, पण हेलिकॉप्टर तिकडेच नंदूभाऊंकडे राहिलं. आमच्याकडे मोकळी जागा म्हणजे कोणाचा तरी ऊस. दोन महिन्यांतून एकदा जाऊन उडवून यायचा.

तो गेल्याला वर्ष झाल्यावर नंदूभाऊंचा फोन आला. नंदूभाऊ मिरकरवाड्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. साहेबांचं हेलिकॉप्टर कुरियरने पाठवू, की न्यायला येताय, असं त्यांनी विचारलं. येते म्हटलं. आणि मग एकदम विचारून टाकलं की मला ते उडवता येईल का. मग ते म्हणाले, "वीस तास कॉम्प्युटरवर उडवा. मग फोन करा."

कॉम्प्युटरवर उडवण्याचा सराव करता येतो, हे मला तेव्हा कळलं. सईने ते सगळं जोडून दिलं, स्वस्तातला एक रेडिओही मागवला. रोज संध्याकाळी स्वयंपाकाआधी अर्धा तास. पहिल्या आठवड्यात मी पडद्यावर किती हेलिकॉप्टरं पाडली ते सईने मोजलं होतं, पण मला सांगितलं नाही.

वीस तास झाल्यावर मी फोन केला. नंदूभाऊंनी तारीख दिली आणि जरा घुटमळून आणखी एक गोष्ट सांगितली. हेलिकॉप्टरची बॅटरी पाच मिनिटं टिकते. चार मिनिटं झाली की रेडिओने आठवण करून द्यावी, अशी सोय असते. बहुतेक जण शिट्टी लावतात. अजितला वाऱ्यात ती ऐकू जात नसे. एकदा बॅटरी संपेपर्यंत उडवत राहिला आणि हेलिकॉप्टर शेजारच्या बागेतल्या ऐन मोहोरातल्या कलमावर जाऊन पडलं. त्यानंतर त्याने शिट्टी काढून स्वतःचा आवाज भरून ठेवला.

"तो आवाज तसाच आहे वहिनी," नंदूभाऊ म्हणाले. "काढून टाकू? की आधी तुम्हाला नुसता वाजवून दाखवू?"

मी विचारलं, एरवी तो कधी वाजतो. ते म्हणाले, सलग चार मिनिटं हवेत राहिलं तरच. मी म्हटलं, मग तसाच वाजू दे.

असं ते ठरलं. माझ्या हाती तीन सकाळी होत्या.

गुरुवार

सांगलीहून रत्नागिरीची सकाळची एसटी घेतली. महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी: कोल्हापूरपासून पुढे रस्त्याचं काम चालू आहे, मध्ये मध्ये वळवलेला रस्ता आणि धूळ आहे, तासभर जास्त धरा. घाटाच्या वर आंबा गावाला गाडी थांबली तेव्हा थंडी होती. घाट उतरून साखरप्याला आलो तेव्हा स्वेटर काढावा लागला. हातखंब्यापर्यंत दुतर्फा कलमं मोहोरलेली होती आणि खिडकीतून तो वास सारखा आत येत होता. फेब्रुवारीत जायचं ते यासाठी, आणि सकाळी वारा पडलेला असतो म्हणून. एप्रिल-मेमध्ये आंबे मिळतील, पण उडवायला मिळणार नाही.

राहायची सोय नंदूभाऊंनी आरे-वारेच्या रस्त्याला एका घरगुती खोलीत केली होती. खोली साधी, स्वच्छ, अंगणात फणस. जेवण मात्र त्यांच्याकडेच, यावर त्यांच्या बायकोने, सुलभाने, फोनवरच शिक्का मारला होता.

नंदूभाऊंचं वय पन्नाशीच्या पुढे. काळे, शेलाटे, बोलायला कमी. हाताला डिझेलचा वास आणि नखं मात्र अगदी बारीक कापलेली. घराच्या पडवीत एक टेबल, त्यावर लहान लहान डब्यांत स्क्रू, बेअरिंगं, पाती, प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि नाव. एका भिंतीला पाच हेलिकॉप्टरं टांगलेली. मधलं निळं होतं ते अजितचं, त्याने स्वतः जोडलेलं. फोटोत पाहिलेलं असल्यामुळे मला ओळखता आलं. मी हात लावला नाही, त्यांनीही लावा म्हटलं नाही.

"हे सगळं हा जोडतो हां," सुलभा ताट वाढता वाढता म्हणाली. "माझा मिक्सर चार महिने बंद आहे. मी म्हटलं त्याला, मिक्सरला दोन पंख लावून देते, मग तरी करशील."

"मिक्सरचा पार्ट मिळत नाय," नंदूभाऊ म्हणाले.

"आणि ह्याचे तैवानवरून येतात."

बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी होती. त्या जेवणासाठी एवढा प्रवास करायला हरकत नाही.

शुक्रवार

सकाळी साडेसहाला सड्यावर. जागेचं नाव देत नाही, कारण ती खाजगी आहे. मालकाच्या परवानगीने ही मंडळी तिथे उडवतात. विमानतळापासून लांब आहे, जवळ वस्ती नाही. कोणाला असं काही करायचं असेल तर आधी नियम आणि जागा दोन्हींची नीट चौकशी करा.

सडा मी पहिल्यांदाच पाहत होते. काळा-तांबूस कातळ, त्यात मध्ये मध्ये पिवळं वाळलेलं गवत, आणि कातळ संपतो तिथे एकदम खाली समुद्र. झाड नाही, तार नाही, खांब नाही. आमच्याकडे माणूस जमीन बघतो ती पिकासाठी. इथे काही पिकत नाही म्हणून ही जागा मोकळी राहिली आणि म्हणून उडवायला मिळाली, असं शिर्के सर म्हणाले.

शिर्के सर हे तिथले दुसरे. शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, टोपीवर रुमाल. पहिली पंधरा मिनिटं त्यांनी मला पात्याचा कोन बदलला की हेलिकॉप्टर वर का जातं ते समजावलं. नंदूभाऊ शेजारी ताडपत्री पसरत होते. मग म्हणाले, "सर, वारा उठेल तेव्हा वहिनींना हे सांगा. तेव्हा दुसरं काम नसेल."

शिकवण्याची त्यांची पद्धत मला फार आवडली. शिकाऊ हेलिकॉप्टर लहान असतं. त्याच्या पायाखाली बांबूच्या दोन लांब काड्या फुलीसारख्या बांधलेल्या होत्या आणि चारही टोकांना मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते प्लास्टिकचे पोकळ गोळे. त्यामुळे ते कलंडत नाही. खडबडीत कातळावर गोळे अडकतात म्हणून खाली बोटीवरची जुनी ताडपत्री, कडांना जांभ्याचे दगड. बाहेर याच कामासाठी विकत मिळणारं सामान आहे, पण ते समुद्राच्या हवेत टिकत नाही आणि हे टिकतं.

पहिला दिवस उडवायचंच नाही. पाती फिरवायची, हेलिकॉप्टर हलकं होऊ द्यायचं आणि ताडपत्रीवर कॅरमच्या सोंगटीसारखं सरकवायचं. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. दोन तास मी तेवढंच केलं.

त्यांचा एक नियम लगेच लक्षात आला. रेडिओ हातातून हातात द्यायचा नाही. मध्ये एक सपाट दगड ठेवलेला आहे. देणाऱ्याने त्यावर ठेवायचा, हात काढायचा, मग घेणाऱ्याने उचलायचा. हातातून घेताना दांडीला धक्का लागला आणि पाती फिरत असली तर काय होईल हे सांगायला नको. सुलभाच्या मते मीठ-मिरची आपण हातावर देत नाही, तसंच हे. शिर्के सरांना हे स्पष्टीकरण मान्य नाही, पण दगडावर ठेवताना तेही नमस्कार केल्यासारखे वाकतात.

माझं झाल्यावर नंदूभाऊंनी त्यांचं स्वतःचं उडवलं. ते नीट लिहिता येईल असं वाटत नाही. हेलिकॉप्टर पाठमोरं लांब गेलं, तिथे जागच्या जागी वळलं आणि तोंड आमच्याकडे करून परत आलं. यात काय अवघड आहे ते मला कॉम्प्युटरवरच्या वीस तासांमुळे कळत होतं. तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. सईला समोर उभी करून वेणी घालायचा प्रयत्न केला तर माझे हात असेच चुकतात. त्यांचे हात हलताना दिसतच नव्हते. हेलिकॉप्टर उलटं झालं, पोट आभाळाकडे करून थांबलं, पुन्हा सरळ झालं. बोटीच्या इंजिनाचा नट सैल करणारी ती बोटं.

तेवढ्यात त्यांच्या रेडिओची शिट्टी वाजली. शिर्के सर म्हणाले, "भात झाला." नंदूभाऊंनी हेलिकॉप्टर ताडपत्रीच्या बरोबर मध्यावर आणून ठेवलं.

मला वाटलं, आता जेवायला जायचं.

दुपारी आरे-वारेला जाऊन बसले. रस्ता वरून जातो तिथे दोन्ही किनारे एकाच वेळी दिसतात. लोक थांबून फोटो काढतात. मी काढला नाही, माझे फोटो नेहमी वाकडे येतात. टपरीवर कोकम सरबत घेतलं आणि अंगठ्यांनी हवेतल्या हवेत दांड्या हलवत बसले. टपरीवाल्या मावशी जरा बघून म्हणाल्या, "मोबाईल हरवला काय?"

शनिवार

दुसऱ्या दिवशी ढोपरभर उंच उठायचं होतं. उठलं. सात-आठ सेकंद थांबलं आणि माझ्याकडे सरकू लागलं. मी घाबरून डावी, म्हणजे वर-खाली नेणारी, दांडी पूर्ण खाली सोडली. ते दगडासारखं पडलं. एक बांबू मोडला, एक गोळा उताराने घरंगळत गेला.

नंदूभाऊंनी विचारलं, "वहिनी, स्कूटी चालवता?"

वीस वर्षं चालवते म्हटलं.

"तरीच. स्कूटीवाले भ्यायले की सोडतात. तिथं सोडलं की गाडी थांबते. इथं सोडलं की पडतं." ते नवीन बांबू बांधता बांधता बोलत होते. "भीती वाटली की थोडं वर न्यायचं. वर जागा आहे. खाली नाय."

शिर्के सर घरंगळलेला गोळा घेऊन वर आले. धाप लागली होती. अजितनेही हीच चूक केली होती, आणि त्याचा गोळा आणायलाही आपणच गेलो होतो, असं त्यांनी सांगितलं. "फक्त तेव्हा मी धावत गेलो होतो," ते म्हणाले.

अजित इथे कसा होता ते मला या दोघांकडून तुकड्या तुकड्यांनी कळत होतं. इथे तो खूप बोलायचा म्हणे. घरी बोलायचा नाही असं नाही, पण खूप बोलणारा अजित मी पाहिलेला नाही. नंदूभाऊंच्या पोराच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशाला तो दोन दिवस रजा काढून गेला होता. ते मला माहीत नव्हतं. मी ऐकत राहिले. थोडं वाईट वाटलं, थोडं बरं वाटलं. आणि मला कधी इथे यावंसं का वाटलं नाही याचं उत्तर मार्च एंड नव्हतं, हेही तिथे बसून मान्य करावं लागलं. त्याचं काहीतरी माझ्याशिवाय चांगलं चाललेलं बघायचं नव्हतं.

नऊपर्यंत मी दीड मिनिट सलग हवेत ठेवू शकले. मग वारा उठला. त्यांनी काठीला लाल कापडाची पट्टी बांधली आहे, ती आडवी झाली की सगळे आवरतात. ती आडवी व्हायच्या आत शिर्के सरांनी शेवटचं एक उड्डाण केलं. शिट्टी झाली. या वेळी नंदूभाऊ म्हणाले, "सर, भात झाला." तोपर्यंत मला वाटू लागलं होतं की ही इकडची बोलण्याची पद्धत असावी. विचारलं नाही.

दुपारी मी नंदूभाऊंच्या वर्कशॉपमध्ये गेले. जेट्टीजवळ, माशांचा वास, बर्फाच्या गाड्या. त्यांना विचारलं की दीड मिनिटावरून उद्या चार मिनिटं होतील का. ते बोटीच्या पंपावर वाकलेले होते. म्हणाले, साहेबांना चार मिनिटं व्हायला सात महिने लागले होते. पण तेव्हा हेलिकॉप्टरात तोल सांभाळायचा भाग नव्हता, आता आहे, तो थोडी मदत करतो. मग पंप बाजूला ठेवून म्हणाले, "उद्या तीन बॅटऱ्या भरून आणतो. म्हणजे तीन वेळा. पडलं तर पडलं. मी जोडीन."

मी म्हटलं, पडलं तर ते अजितने जोडलेलं राहणार नाही.

त्यांनी पंप पुन्हा पुढ्यात ओढला. सुलभाने मला संध्याकाळी वाढताना ओल्या काजूची उसळ दोनदा वाढली, त्यावरून त्यांनी घरी सांगितलं असावं.

रविवार

त्या दिवशी सुलभाही आली. निळं हेलिकॉप्टर पहिल्यांदा भिंतीवरून निघून उन्हात आलं. नंदूभाऊंनी एकेक नट हाताने तपासला. मग ते स्वतः उडवून पाहिलं, पण दोन मिनिटांतच उतरवलं. मी कारण विचारलं नाही. मला कळलं.

त्याच्या पायालाही त्यांनी बांबू आणि गोळे बांधले होते. अजितचा रेडिओ सपाट दगडावर ठेवला आणि हात काढला. मी उचलला. मागच्या बाजूला, जिथे बोटं येतात तिथे, रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. माझी बोटं तिथे पुरत नव्हती. एक वायर माझ्या रेडिओतून त्यांच्या रेडिओला जोडलेली. मी चुकले तर एका खटक्यावर हेलिकॉप्टर त्यांच्या ताब्यात जाणार. तसं झालं की मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या बॅटरीला मिनिटभरातच ते तिरकं होऊन समुद्राकडे निघालं. खटका. नंदूभाऊंनी आणून ठेवलं.

दुसऱ्या वेळी मी बरीच स्थिर होते. शिर्के सर घड्याळ बघून हळू आवाजात सांगत होते. एक. दोन. अडीच. तीनच्या पुढे वाऱ्याची झुळूक आली, शेपूट फिरली आणि तोंड माझ्याकडे झालं. डावं-उजवं उलटं. डोकं बंद पडलं. पण दांडी सोडली नाही, थोडं वर नेलं. तेवढ्याने वेळ मिळाला आणि खटका पडला.

"सोडली नाय," नंदूभाऊ म्हणाले. कौतुक म्हणून त्यांच्याकडून मला एवढंच मिळालं, आणि ते मला पुष्कळ होतं.

लाल पट्टी हलायला लागली होती. पावणेनऊ. शिर्के सर पट्टीकडे बघून म्हणाले की आता थांबावं, वहिनींनी पुन्हा यावं, हेलिकॉप्टर कुठे जात नाही. त्यांचं बरोबर होतं. सुलभा एकदम म्हणाली, "पट्टी आडवी कुठं झाली आहे ओ सर? नुसती हलते आहे. माणूस जागं आहे की झोपलंय बघायला हलवतात, तेवढी."

नंदूभाऊंनी तिसरी बॅटरी लावली.

या वेळी मी सरांना मिनिटं सांगू नका म्हटलं. ढोपराच्या उंचीवर न ठेवता डोक्याच्या वर नेलं, कारण वर जागा होती. निळी शेपूट माझ्याकडे, तोंड समुद्राकडे. वाऱ्यात ते मागे यायचं, मी पुढे करायची. पुन्हा यायचं, पुन्हा करायची. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने, पुसायला हात मोकळा नव्हता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. पात्यांचा आवाज सोडून दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

आणि मग हातातून अजित बोलला.

"चार मिनिटं झाली. पुरे आता, खाली घे. सावकाश."

नेहमीचा आवाज. मी स्कूटी काढताना गॅलरीतून 'सावकाश' म्हणायचा तसाच. आणि त्या शब्दाच्या मागे, स्पष्ट, कुकरची शिट्टी.

आमचा कुकर. त्या शिट्टीला शेवटी एक घरघर आहे. मी किती वर्षं म्हणते आहे की बदलायला हवी. त्याने हे आमच्या स्वयंपाकघराशेजारी बसून भरलं होतं. मी आत असणार. कधीतरी रविवारी, तो घरी आलेला असताना, मी आत भात लावत असताना.

उभं राहून विचार करायला वेळ नव्हता, कारण बॅटरी संपत आली होती आणि त्याने खाली घ्यायला सांगितलं होतं. मी सावकाश खाली घेतलं. ताडपत्रीच्या मध्यावर नाही, कडेच्या दगडाला लागून. पण उभं. पाती हळूहळू थांबली.

मग शिर्के सर नेहमीच्या आवाजात म्हणाले, "भात झाला."

सुलभाने पदर तोंडाला लावला. नंदूभाऊंनी वायर काढली. "गेली चार-पाच वर्षं इथं कोणाची पण वेळ झाली की आम्ही हेच म्हणतो," ते म्हणाले. "साहेबांनी पहिल्यांदा वाजवला त्या दिवसापासून. शिट्टी ऐकून सर म्हणाले, वहिनींचा भात झाला, उतरवा. तुम्हाला सांगितलं नाय. ऐकल्याशिवाय काय सांगायचं."

म्हणजे मी कधीच न आलेल्या त्या सड्यावर दर रविवारी माझा भात शिजत होता.

रेडिओ परत दगडावर ठेवला. हात काढेपर्यंत दुसऱ्याने उचलायचा नाही, हा नियम. मला थोडा वेळ लागला. ते तिघं समुद्राकडे बघत थांबले.

परत

सोमवारच्या एसटीने निघाले. हेलिकॉप्टर आणि रेडिओ दोन्ही नंदूभाऊंच्या भिंतीवर ठेवून आले. न्यायला म्हणून गेले होते, पण सांगलीत ते कपाटावर बसून राहिलं असतं. महिन्यातून एकदा तरी ते उडवायचं, पूर्ण चार मिनिटं, असं त्यांनी कबूल केलं आहे. मिक्सर मी सोबत आणला. आमच्या गल्लीत दुरुस्ती करणारा चांगला आहे.

जाणार असाल तर: तीन दिवसांत उडवता येतं असं माझ्यावरून समजू नका, मला दोन दांड्या सांभाळून एका जागी थांबवता आलं, एवढंच. आधी कॉम्प्युटरवर तास घालवा. टोपी न्या, पाणी न्या, सड्यावर सावली नाही. आणि शिकवणारा भेटला तर त्याच्या हातांकडे नीट बघा.

सईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, ती आवाजाची फाईल मोबाईलवर मागवून घे ना, एक मिनिटाचं काम आहे. आहे खरं. मागवलेली नाही. तो आवाज चार मिनिटं हवेत राहिल्यावर येतो, तसाच येऊ दे.

संध्याकाळचा सराव चालू आहे. वेळ मात्र बदलली. पूर्वी स्वयंपाकाआधी बसायची, आता कुकर लावून बसते. शिट्टी बदललेली नाही. ती झाली की सई आतून ओरडते, "आई, भात झाला." गॅस बंद करायला मी लगेच उठत नाही. आधी पडद्यावरचं हेलिकॉप्टर खाली घेते. सावकाश.